बिनवन्समोरचं मरण

आंबेबोडीच्या डोमासारखं मरणं अख्ख्या आरमोरी तालुक्यात कोणाला जमत नव्हतं. तसा पोटापाण्यासाठी तलावात जाळं टाकणारा साधा माणूस, चारचौघांत उभा केला तर पाचवा म्हणून कोणी मोजणार नाही. पण दिवाळी उलटून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, भरदुपारी चौकात दंडारीचं नाटक उभं राहिलं आणि डोक्यावर पत्र्याचा मुकुट चढला, की हाच डोमा राजा वीरसेन व्हायचा आणि शेवटी तलवारीचा घाव खाऊन मरायचा. मरायला त्याला पाऊण तास लागायचा. सात पलट्या घ्यायचा गडी. पहिल्या पलटीत पेटीवाल्याच्या अंगावर कोसळायचं, दुसरीत बायकांच्या बाजूला जाऊन छाती धरायची, तिसरीत गुडघ्यावर बसून आईला हाक मारायची, चौथीत उठून एक अख्खं गाणं म्हणायचं, पाचवीत शत्रूला क्षमा करायची, सहावीत ती क्षमा परत घ्यायची, आणि सातवीत धाडकन उताणं पडून डावा पाय तीनदा झाडायचा.

मग लोक 'वन्समोर'चा गिल्ला करत. मेलेला राजा धूळ झटकत उठे, मुजरा करे, बक्षीस कमरेला खोचे आणि पुन्हा पहिल्या पलटीपासून मरे. एका मंडईत तर तो तीनदा मेला आणि तिसऱ्या मरणाला दिवस मावळला. वन्समोर आला की उठायचं, हा डोमाचा नेम होता. एका वर्षी पडताना खरंच खुबा मुरगळला होता, तरी तो उठला होता. तीस वर्षांत डोमा वन्समोरला उठला नाही असं एकदाही घडलं नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ हिच्यावरूनच झाला.

दोन हजार सहा सालच्या पावसाळ्यात ती तापाची साथ आली. चिकनगुनिया नाव कानावर पडल्याबरोबर गावानं शहाणपणा करून कोंबड्या खाणं सोडलं. कोंबड्या खुशीत फिरू लागल्या आणि माणसं वाकून चालू लागली. डोमा पंधरा दिवस खाटेवर होता. ताप उतरला, पण गुडघे आणि घोटे हट्टाला पेटल्यासारखे धरून बसले. गोकुळा, त्याची बायको, रोज करंजाचं तेल कोमट करून चोळायची आणि चोळता चोळता तोंडानंही सोलून काढायची. दसऱ्यापर्यंत डोमा काठी टेकत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊ लागला. पण सात पलट्या? अहो, उकिडवं बसणं होईना माणसाला.

दंडारीचा मालक देवाजी. मालक म्हणजे ढोलकी त्याची, मुकुट त्याच्या पेटीत, कोणी काय व्हायचं ते त्याच्या तोंडात. तो एका सकाळी आला, चहा प्याला, डोमाच्या गुडघ्यांकडे बैलबाजारात बघावं तसं बघितलं आणि म्हणाला की यंदा वीरसेनाचा मुकुट सुरेंद्रच्या डोक्यावर घालू म्हणतो. सुरेंद्र म्हणजे लटारूचा पुतण्या, चोविशीचा तडतड्या पोरगा. आणि लटारू म्हणजे तीस वर्षं ज्यानं दर मंडईत डोमाला तलवारीनं मारलं, तो शत्रू राजा. चौकात शत्रू, चौकाबाहेर एका जाळ्याचे दोस्त. मुकुट लटारूच्या घरात जाणार हे ऐकून डोमानं बशीतला चहा तसाच खाली ठेवला. त्यानं सांगितलं की या मंडईला मी उभा राहतो आणि मरून दाखवतो, मग बोला. देवाजीनं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. मंडईला कोण कसं मरतो ते पाहून पुढच्या सालचं ठरवू, एवढं म्हणून तो उठला.

त्या दिवसापासून डोमाला अन्न गोड लागेना. तुम्ही म्हणाल, एका पत्र्याच्या मुकुटासाठी एवढं काय? पण तलावातले मासे वर्षभर डोमाला ओळखत नाहीत आणि मच्छीमार सोसायटीचा माणूसही त्याला 'ए' करून हाक मारतो. वर्षातून पाच-सहा दुपारी मात्र दहा गावांची माणसं त्याच्या तोंडाकडे श्वास रोखून बघतात. त्या दुपारी गेल्या तर डोमाजवळ उरणार काय होतं? नुसते गुडघे.

अशात डिंपल आली. डिंपल डोमाच्या धाकट्या भावाची मुलगी, नागपुरात एम.एस्सी.ला होती. ती जीवाणू-विषाणू शिकते हे गावाला माहीत होतं. ते शिकून करायचं काय, हे माहीत नव्हतं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सुचवलं होतं की साथ येऊन गेली, लोक अजून गोंधळलेले आहेत, तर विषाणू अंगात शिरून काय करतो ते लोकांना कळेल असं काहीतरी मंडईत कर. खेळ चांगला झाला तर वीस गावांत तोच लावू. डिंपलनं वहीभर दंडार लिहून आणली होती. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती. त्यात एक पेशी होती आणि एक विषाणू होता.

देवाजीनं वही वाचली. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द पहिल्या पानावर आणि 'पेशीमृत्यू' दुसऱ्या पानावर. पहिला शब्द ढोलकीत बसत नाही म्हणून त्यानं काट मारली, दुसरा मात्र आवडला. मरण आहे म्हटल्यावर खेळ चालेल असा त्याचा हिशोब. शिवाय डॉक्टरीणबाई स्वतः बघायला येणार होत्या. वीरसेन संध्याकाळी, यंदापुरता सुरेंद्रचा, आणि हा नवा खेळ दुपारी, असं ठरलं. विषाणू लटारूला दिला, कारण दुष्टपणाची सवय. पेशी कोणाला द्यायची, तर डिंपलनं थेट डोमाचं नाव घेतलं.

"मोठेबाबा, तुमाले पलट्या नाई घ्या लागत याच्यात," ती म्हणाली. "बसल्या बसल्या मरायचं हाये."

बसल्या बसल्या! डोमाला अपमानानं घाम फुटला. पण मंडईत उभं राहायला दुसरी जागा नव्हती. त्यानं हो म्हटलं आणि मनातल्या मनात ठरवलं, की एकदा चौकात उतरू तर द्या, मग डिंपलची वही डिंपलजवळ आणि डोमाचं मरण डोमाजवळ.

तालमी देवाजीच्या खळ्यात सुरू झाल्या. डिंपलनं आधी सगळ्यांना बसवून समजावलं. पेशी म्हणजे एक घर. अंगात अशी घरं इतकी, की दहा तालुके मोजले तरी पुरायचे नाहीत. प्रत्येक घरात चूल पेटलेली असते, तिच्यावर अंगाची ताकद शिजते. चूल म्हटली की धूर आलाच. रोजच्या धुरावर पाणी शिंपडायला घरात पाणीवाली असते, म्हणून काम निभतं. विषाणू चोरासारखा आत शिरला, की पेशी त्याला धुरी देते, गोठ्यात डास झाले की आपण कडुनिंबाच्या पाल्याची देतो तशी. पण विषाणूही चुलीत लाकडं कोंबतो, घरातलं सामान वापरून आपल्यासारखी पोरं घडवायला लागतो. धूर वाढतो, पाणीवालीचं पाणी पुरत नाही, आणि मग धूर डासाला लागायच्या आधी गाईला लागतो. भिंती करपतात. तापात हाडं ठणकतात, अंग सुजतं, त्यात या आगीचाही हात असतो.

हे डोमाला पटकन कळलं. त्याच्याच गोठ्यात एकदा धुरीनं गाय गुदमरली होती. त्यानं आनंदानं धुपाटण्यात मूठभर राळ टाकली आणि पेशी अशी काही पेटवली, की देवाजी, पेटीवाला, लुगडं नेसून पाणीवाली झालेला सुरेंद्र आणि खुद्द विषाणू खोकत खोकत खळ्याबाहेर पळाले. शेजारची बायनाबाई घर पेटलं म्हणून घागर घेऊन धावत आली. डोमा एकटा आत उभा राहून विचारत होता, की झाला का नाही तुमचा तो मोठा शब्द?

अडलं ते मरणावर. डिंपल म्हणाली की घर वाचत नाही असं दिसलं की पेशीपुढे दोन वाटा असतात. एक, धाडकन फुटायचं. मग निखारे शेजाऱ्यांच्या छपरावर उडतात आणि विषाणूची पोरं चारी दिशांना पळतात. दुसरी वाट म्हणजे पेशी आपणहून दार लावते, चूल विझवते, घरातलं सामानसुमान बारक्या बारक्या गाठोड्यांत बांधते आणि चुपचाप बसून घेते. मग अंगातले झाडूवाले येतात आणि गाठोडी उचलून नेतात. शेजाऱ्याला झळ लागत नाही. विषाणू मात्र रडकुंडीला येतो, कारण पोरं अर्धवट राहतात. म्हणून तो पेशीच्या पाया पडतो, मरू नको म्हणून. काही विषाणू एवढे लबाड, की पेशीला मरूच देत नाहीत आणि काही त्या गाठोड्यातच लपून पळतात. पण आपल्या खेळातल्या पेशीनं दुसरी वाट धरायची.

लटारूला हे ऐकून फार गंमत वाटली. तीस वर्षं ज्याला मारलं, त्याला आता मरू नको म्हणून विनवायचं! तो तालमीत डोमाच्या पायांवर असा लोळायचा, की देवाजीला ढोलकी थांबवून हसावं लागायचं. डोमाला मात्र हसू येईना. दार लावा, गाठोडं बांधा, खाली बसा, मान टाका. यात अॅक्टिंग ती कुठं?

एका सकाळी तलावाच्या पाळीवर जाळं सुकत घालता घालता त्यानं डिंपलला धरलंच. ती जाळ्याचं दुसरं टोक धरून होती.

"बेटा, असं मरन कोन पाह्यते? ना हाक, ना गाना. लोकाइले वाटंन डोमा झोपला."

डिंपलनं जाळं खांबाला अडकवलं. "मोठेबाबा, तुमी पंधरा दिवस तापात होते. तवा तुमच्या आतमध्ये लाखानं असेच मेले. एकानंही आवाज केला नाई, म्हनून आज तुमी इथी उभे हाव. त्याइचं मरन कोनी पाह्यलं? तुमी तरी पाह्यलं का?"

जाळ्यात अडकलेला शेवाळाचा धागा डोमानं ओढून काढला. मग मान झटकून म्हणाला की ते मेले असतील बापा, पण त्याइले पुढच्या सालचा मुकुट नव्हता पायजे. आणि काठी टेकत निघून गेला.

त्याच दुपारी तो आरमोरीला जाऊन एक फुगा घेऊन आला. फुग्यात अळत्याचं लाल पाणी भरलं, तोंडाला ओढली की सुटेल अशी सुतळी बांधली. वीरसेनाच्या पाचव्या पलटीला तो पूर्वी हीच कला वापरायचा. बेत असा, की झाडूवाले यायच्या आधी फुगा फोडायचा, सगळ्या चौकासमोर लालेलाल होऊन उठायचं आणि गुडघे तुटले तरी बेहत्तर, निदान चार पलट्या घ्यायच्याच. पेशी फुटते अशीही एक वाट आहेच ना? डिंपलनंच सांगितलं होतं. गोकुळानं त्याला फुगा लपवताना बघितलं. ती एवढंच म्हणाली, "पोरीचा खेळ नासवाल, तं आजपासून तेल आपल्या हातानं चोळा."

मंडईचा दिवस उजाडला. पाव्हणेरावळे आले, पाळणे लागले, जिलब्यांचा वास सुटला. दुपारी तीनच्या सुमारास चौकात माणूस मावेना. पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर डॉक्टरीणबाई, शेजारी सरपंच, मागं बायका, कडुनिंबाच्या झाडावर पोरं. डिंपल देवाजीच्या पाठीशी वही छातीला धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

खेळ चढला. डोमा अंगभर पिवळी चादर आणि गळ्यात झेंडूची माळ घालून पेशी झाला. लटारू काळ्या सदऱ्यावर खिळे चिकटवून विषाणू झाला आणि रानडुकरासारखा मुसंडी मारून घरात शिरला. लोक खूश. राळ पेटली, धूर झाला. सुरेंद्रनं पाणीवाली होऊन असं काही ठुमकत पाणी शिंपडलं, की शिट्ट्यांवर शिट्ट्या पडल्या. देवाजी ढोलकीवर सांगत होता, हीच आग तुमच्या सांध्यांत लागली होती बरं का, आणि म्हाताऱ्याकोताऱ्या आपापले गुडघे चाचपून माना हलवत होत्या. मग विषाणू पेशीच्या पाया पडला. लटारूनं कमाल केली. तो रडला, लोळला, डोमाच्या घोट्याला मिठी मारून 'मरू नको रे राजा, माही पोरं अर्धी हायेत' म्हणाला. चौक हसून हसून आडवा झाला.

आणि डोमाची वेळ आली. त्यानं दार लावल्यासारखे दोन्ही हात मिटले. फुंकर घालून धुपाटणं विझवलं. चादरीची टोकं गोळा करून गाठी मारू लागला. उजवा हात कमरेच्या फुग्यापाशी आला.

लोकांना काय, तीस वर्षांची सवय. "डोमाभाऊ, पहिली पलटी!" कडुनिंबावरून आवाज आला. मागून दुसरा, तिसरा. चौकच मागायला लागला. डोमाच्या अंगातून झिणझिणी गेली. लोक विसरले नव्हते! आता फुगा फोडला असता तर मुकुट, पुढचं साल, सगळं परत हातात आलं असतं. त्यानं सुतळीवर बोट ठेवलं आणि सहज पुढे बघितलं. समोर पेशीच्या शेजारणी म्हणून बसवलेल्या चार-पाच बारक्या मुली होत्या, पिवळ्या ओढण्या घेऊन. त्यांना वहीत काही बोलायचं नव्हतं, फक्त शेजारी बसून राहायचं होतं. धुरानं लाल झालेले डोळे चोळत त्या डोमाकडे बघत होत्या, की हा फुटतो की बसतो.

डोमाला तापातल्या पंधरा दिवसांची आठवण झाली. त्याला ते लाखानं मेलेले आठवले, ज्यांचं एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं. लाज वाटली बिचाऱ्याला, खरीखुरी लाज. त्यानं सुतळीवरचं बोट काढलं. शेवटची गाठ मारली. गुडघे कुरकुरत असताना सावकाश खाली बसला, मांडीवर हात ठेवले आणि मान टाकली. पाय झाडला नाही.

भरल्या चौकात जिलबीवाल्याच्या झाऱ्याचा आवाज ऐकू आला. मग कुठूनतरी टाळी पडली आणि पाठोपाठ गर्जना उठली, वन्समोर!

डोमा उठला नाही.

पुन्हा वन्समोर. सरपंचानं नोट वर धरली. डोमा उठला नाही. वहीत नव्हतं, तरी लटारू त्याच्याजवळ सरकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "ऊठ बे, वन्समोर मांगून राह्यले." डोमानं पापणी हलवली नाही. लटारूनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. काही नाही. तिसऱ्यांदा वन्समोर आला तो जरा बिचकत आला, आणि चौथा आलाच नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. डोमा आणि वन्समोरला उठत नाही?

तेवढ्यात वहीप्रमाणे झाडूवाले आले, बुधू आणि लच्छू. त्यांनी चादरीसकट डोमाला उचलायला बगलेत हात घातले, लच्छूनं कंबर घट्ट आवळली, आणि फट्! पिवळ्या चादरीतून लालभडक पाणी धो धो वाहत जमिनीवर आलं.

बायनाबाईनं जी किंकाळी फोडली ती वडसा रोडपर्यंत गेली असेल. 'डोमा गेला वो माय' म्हणत तिनं ऊर बडवायला सुरुवात केली आणि बायकांनी सूर धरला. सरपंच खुर्चीसकट उलटले. वन्समोरला उठला नाही, म्हणजे माणूस मेलाच, याबद्दल दहा गावांत कोणाच्या मनात शंका उरली नव्हती. डॉक्टरीणबाई माणसांच्या गर्दीत अडकल्या. बुधूनं चादर सोडून दिली आणि लच्छू मटकन खाली बसला.

लटारू तर वेडापिसा झाला. खिळ्यांच्या सदऱ्यासकट डोमाच्या गळ्यात पडला. "डोमा, मीच देवाजीले म्हनलो होतो गड्या. तुह्ये गुडघे गेले, सुरेंद्रले मुकुट दे, असं मीच म्हनलो. नाई पायजे मले मुकुट. ऊठ ना बे."

आता सांगा, तुमच्या-आमच्यासारखा असता तर काय केलं असतं? मेलेल्या कानांनी असं काही ऐकायला मिळणं साध्या माणसाच्या नशिबी नसतं. डोमाला आतून हसूही फुटत होतं आणि रागही येत होता. या क्षणी नुसतं डोळे उघडून बसला असता, तरी असा वन्समोर या अख्ख्या झाडीपट्टी मुलखात पुन्हा कोणाला मिळाला नसता. लटारूचे दोन खिळे छातीत टोचत होते तेवढे. पण वहीत लिहिलं होतं, पेशी उठत नाही, झाडूवाले तिला नेतात. झाडूवाले कुठे होते? डोमानं मेल्या मेल्या एक डोळा इतकासा किलकिला केला आणि दातांतून बुधूला म्हणाला, "उचलते का नाई, भोकन्या?"

बुधू जन्मभर एवढा चपळ कधी झाला नव्हता. त्यानं लच्छूला लाथ घातली आणि दोघांनी गाठोडं उचलून चौकाबाहेर धूम ठोकली. मागून रडतं गाव आणि सगळ्यांच्या पुढे रडता विषाणू.

देवाजीच्या खळ्यात गाठोडं ठेवलं तेव्हा तिथं गोकुळा आधीच येऊन बसली होती. ती रडत नव्हती. तिच्या हातात कोमट तेलाची वाटी होती. फुगा लपवताना जिनं बघितला, ती कशाला रडेल? तिनं चादरीचं टोक वर केलं.

"वन्समोर म्हनून राह्यले का?" आतून डोमानं विचारलं.

"नाई. रडून राह्यले," गोकुळा म्हणाली. "पाय सरळ करा."

लटारू धापा टाकत आला, डोमाला तेल चोळून घेताना बघितलं आणि तिथल्या तिथं त्याला दोन अस्सल शिव्या दिल्या, मग शेजारी बसून हमसून रडला. डॉक्टरीणबाई आल्या, नाडी बघितली, लाल चादर हुंगली आणि तोंड फिरवून हसल्या. बाहेर देवाजी ढोलकी बडवून लोकांना ओरडून सांगत होता, की डोमाभाऊ जिता आहे, रडणं थांबवा, संध्याकाळी वीरसेन आहे. डॉक्टरीणबाईंनी जाता जाता एवढं सांगितलं की वीसही गावांत हाच खेळ, हीच पेशी. फक्त ते लाल पाणी नको.

डिंपल सगळ्यात शेवटी आली. चादर घडी करायला तिनं उचलली, तर त्यातून फुग्याची फाटकी चिंधी खाली पडली, सुतळीची गाठ अजून बांधलेलीच. फोडायचा असता तर गाठ ओढली असती. तिनं ती गाठ बघितली, मग मोठेबाबांकडे बघितलं. तिला सगळं कळलं. डोळे भरून आले पोरीचे.

"काऊन नाई उठले मोठेबाबा?"

"गुडघे धरले होते, बेटा," डोमा म्हणाला आणि त्याच गुडघ्यांवर हात टेकून उठला, काठीशिवाय.

तो देवाजीच्या पेटीपाशी गेला. झाकण उघडलं, पत्र्याचा मुकुट काढला, सदऱ्याच्या बाहीनं पुसला. सुरेंद्र अजून पाणीवालीच्या लुगड्यातच दारात उभा होता, काकाच्या कबुलीनं लाजून खाली मान घालून. डोमानं मुकुट त्याच्या हातात दिला. लटारू काही बोलायला गेला, तर त्याला हातानंच गप्प केलं.

"आजपासून तू मर," डोमा सुरेंद्रला म्हणाला. "उद्या सकाळी तलावावर ये. पलट्या शिकवतो तुले. पन सहाच शिकवीन. सातवी माही हाये, ते मी नाई देनार."

सुरेंद्रनं मुकुट डोक्यावर ठेवून बघितला. त्याला तो बोटभर मोठा होत होता, म्हणून गोकुळानं आत चिंधी दुमडून दिली.